कोपभवनाचं दार

कुहूचा राग सोसायटीच्या सभेत चर्चेला आला, तेव्हा कुहू साडेचार वर्षांची होती. आधी पाण्याचे टँकर झाले, मग गच्चीवरचे सोलर, आणि मग 'वरच्या मजल्यांवरून येणारे आवाज'. सेक्रेटरींनी कुणाचं नाव घेतलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बर्वे काकूंना असला संकोच नव्हता.

"नाव ठेवलंय कुहू, आणि आवाज भोंग्याचा! आमच्या ह्यांचा दुपारी डोळा लागतो न लागतो तोच छतातून धाड, धाड, धाड! लाथा मारते की उखळात कांडते हो तुमची मुलगी?"

सगळे हसले. गौतमीही हसली, आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

भोंगा म्हणजे उन्हाचा भोंगा. मिरजेत आता मार्च उजाडला की तो सुरू व्हायचा. सकाळी वाजला की मुलं घरात, संध्याकाळी वाजला की बाहेर. मधले सगळे तास दारं-खिडक्या लावून, एसीच्या घरघरीत काढायचे. तिथं मोठ्यांची डोकी फिरायची, मुलांचं काय घेऊन बसलात! कुहूला तर राग यायचा तो आभाळ फाटल्यासारखा. पोळी दुमडली म्हणून, मोज्याची शिवण बोटाला लागली म्हणून, निळा पेला घासायला पडला म्हणून.

नवरा, केदार, राजस्थानात सौर प्रकल्पावर होता. महिन्यातून एकदा घरी यायचा, तेव्हा कुहू देवासारखी वागायची. घरात गौतमी, तिचं लॅपटॉपवरचं काम आणि सासूबाई. सासूबाईंचा उपाय ठरलेला होता. "आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा."

गौतमीला धपाटा नको होता. तिनं आपला एक उपाय काढला होता. हॉलमध्ये लाकडी दिवाण होता, खाली गाद्या-रजया ठेवायचा मोठा कप्पा असलेला. कप्प्याचं दार खिडकीकडच्या भिंतीच्या बाजूला उघडायचं, म्हणून दिवाण भिंतीपासून हातभर पुढे ठेवलेला असे. त्या बोळातून कुहू आत शिरायची. आतल्या जागेचं नाव त्या दोघींनी ठेवलं होतं कोपभवन. कैकेयी रुसून कोपभवनात जाऊन बसली, एवढाच रामायणाचा भाग कुहूला मनापासून आवडला होता.

"राणीला पण राग यायचा?"

"मग! राणी झाली म्हणून काय झालं?"

राग आला की कोपभवनात जायचं, दार सताड उघडं ठेवायचं आणि फळीवर हव्या तेवढ्या लाथा मारायच्या. गौतमी बोळाच्या तोंडाशी फतकल मारून बसायची आणि एकच विचारायची, "केवढा राग आलाय?"

"बुलडोझरएवढा!"

थोडा वेळ जाऊ द्यायचा. "आता?"

"हत्तीएवढा."

मग म्हैस, मग मांजर, मग उंदीर. उंदरापर्यंत आलं की कुहू बाहेर यायची, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि काहीतरी खायला मागायची. उपाय लागू पडत होता. पण त्याला वेळ लागायचा आणि आवाज व्हायचा. वेळ गौतमीकडे नव्हता, आणि आवाज बर्वे काकूंना नको होता.

म्हणून शांतबाळी आली.

डॉक्टर तेरदाळांनी ती तळहातावर ठेवून दाखवली. थेट भिकबाळीच. सोनेरी तार आणि मधोमध मोत्याएवढा पांढरा मणी.

"कानाच्या वरच्या वाटीत, हे इथं, व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी कातडीच्या अगदी जवळ येते," डॉक्टर म्हणाले. "मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं, पोट असा हा मज्जातंतू भटकत जातो. शरीराचा ब्रेक म्हणा ना. राग आला, भीती वाटली, की हृदय धावतं, श्वास धावतो, घाम सुटतो. मणी ते सगळं टिपतो. वादळ उठतंय असं दिसलं की त्या फांदीला विजेची बारीकशी चाहूल देतो. मुंगी चालल्यासारखं वाटतं, तेवढंच. ब्रेक लागतो, हृदय मंदावतं. मेंदूला वाटतं, शरीर शांत आहे, म्हणजे काळजीचं काही नसणार."

"म्हणजे राग येतच नाही?"

"येतो. वर येत नाही. तुम्ही कुकर लावता ना? शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायचा, बस्स. फोनवर हिरवा दिवा असला की सगळं ताब्यात आहे. पिवळा झाला तरच धावायचं."

"आणि चार्जिंग?"

"तीन-चार दिवस सहज जातात. वादळ मोठं असलं तर बॅटरी लवकर उतरते. बाळीला काम जास्त पडतं."

कुहूच्या बालवाडीत बाळीवाल्या मुलांचा निराळा वर्ग सुरू झालाच होता. त्या वर्गाच्या बाई कधी ओरडायच्या नाहीत, असं म्हणत. गौतमीनं होकार दिला.

आणि खरंच, घर निवलं. पोळी दुमडली तरी कुहू ती उलगडून खाऊ लागली. बोळात कुणी शिरेना, कोपभवनात रजयांची थप्पी वाढत गेली. बर्वे काकूंनी बेसनाचे लाडू पाठवले. गौतमी दुपारी सलग तासभर काम करू लागली, आणि त्या शांततेची तिला इतकी सवय लागली, की फोनवरच्या हिरव्या दिव्याकडे ती देव्हाऱ्यातल्या निरांजनाकडे पाहावं तशी पाहायची.

फक्त एकदा. संध्याकाळी खाली खेळायला गेलेली कुहू जिना चढून आली आणि दारात उभी राहिली.

"आई, रक्त येतंय."

दूध आलंय, असं सांगावं तसं सांगितलं तिनं. गुडघा चांगला फाटला होता, मोजा लाल झाला होता. वॉचमन मागून आला. "लई धीट पोरगी, वहिनी. हूं का चूं नाही केलं!"

जखम धुताना गौतमीनं जुन्या सवयीनं विचारलं, "केवढं दुखतंय, राणी?"

कुहूनं बराच विचार केला. परक्या गावात पत्ता विचारल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

केदारला फोनवर सांगितलं, तर तो हसला. "अगं, आधी ती रडते म्हणून तू रडायचीस. आता ती रडत नाही म्हणून रडतेस?"

पण ते 'माहीत नाही' तिच्या मनात सुपारीच्या खांडासारखं अडकून राहिलं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू सासूबाईंना दणक्यात करायचं होतं. सोसायटीभरच्या बायका यायच्या होत्या. पाचचा भोंगा झाल्यावर या, असा निरोप घरोघरी गेला. सकाळीच गौतमीनं बाळी पूर्ण चार्ज करून कुहूच्या कानात अडकवली. आणि मग फोनवरच्या खुणेवर तिचं बोट घुटमळलं. पाहुण्यांपुढे तमाशा नको, एवढ्या एका विचारानं तिनं बाळीची ताकद एका घरानं वाढवली. पाहुण्या गेल्या की परत कमी करू, असं स्वतःला बजावलंही.

दुपारी सासूबाई गौरीपुढे आरास मांडत होत्या. कलिंगडाची कमळं, कैऱ्यांची तोरणं, आणि खालच्या पायरीवर कुहूचे मातीचे प्राणी. मांडता मांडता हत्ती हातातून निसटला आणि त्याची सोंड तुटली.

"अगोबाई! राहू दे हं, आपण फेव्हिकॉल लावू."

कुहूनं हत्ती उचलला. सोंड उचलली. दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं. हा हत्ती तिनं केदारबरोबर बसून केला होता. वर्षापूर्वी असं झालं असतं, तर कलिंगडासकट गौर खाली आली असती. आता ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मला कोपभवनात जायचंय."

मिक्सरमध्ये पन्ह्यासाठी कैरीचा गर फिरत होता. गौतमीचे दोन्ही हात बरबटलेले. "का गं? राग आलाय?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही."

गौतमीनं ओट्यावरच्या फोनकडे नजर टाकली. हिरवा. "मग जरा वेळानं हं, शहाणी ना तू? आत जाऊन कार्टून बघ जा."

कुहू गेली. बेडरूममधून कार्टूनचा आवाज येऊ लागला.

पाच वाजायला आले तेव्हा सासूबाईंनी हॉलची पाहणी केली आणि कपाळाला हात लावला. "एवढ्या बायका बसणार कुठं? तो दिवाण सार बाई भिंतीला. किती जागा खातो!"

गौतमीनं पदर खोचला, दिवाणाला कंबर लावली. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूनं हात लावला.

"आज जड का लागतोय हो, आई?"

"गाद्या नाहीत का आत? लाव जोर."

दिवाण करकरत सरकला आणि भिंतीला चपखल बसला. बोळ संपला. वर नवी चादर आली, पुढे सतरंजी आली.

भोंगा झाला आणि बायका आल्या. अत्तर, गुलाबपाणी, ओल्या हरभऱ्यांची ओटी. बाहेर अजून अंगाची काहिली होत होती, म्हणून दारं-खिडक्या बंदच होत्या आणि एसी कण्हत होता. मानाच्या म्हणून बर्वे काकू दिवाणावर मधोमध बसल्या. गौतमी पन्ह्याचे पेले देत फिरत होती. मधेच एकीनं विचारलं, "कुहू कुठंय?" गौतमीनं फोन बघितला. बाळीच्या जागेपुढे 'घरात', आणि हिरवा दिवा. "आत आहे, कार्टून बघतेय."

"गुणाची झाली हो पोर," बर्वे काकू म्हणाल्या. "पूर्वी घरात आहे की नाही हे विचारावं लागायचं नाही!"

"काकू, तुम्ही नाव घ्या आधी," कुणीतरी टोकलं.

काकूंनी पेला खाली ठेवला, गळा साफ केला.

"कैरीच्या डाळीला फोडणी दिली हिंगाची,
दत्तात्रयरावांची दुपार आता आरामाची, सुखाची!"

हॉल खदाखदा हसला. गौतमीही हसली. त्याच वेळी तिच्या हातातला फोन थरथरला.

'बाळीची बॅटरी कमी आहे.'

ती हसतच राहिली, पण हसू ओठांवरच थांबलं. सकाळी तर पूर्ण भरली होती. बिघडली की काय? तिनं आकडा पाहिला. अकरा. बघता बघता दहा झाला.

वादळ मोठं असलं तर बॅटरी लवकर उतरते.

दिवा हिरवा होता. शांत, स्वच्छ हिरवा. आणि गौतमीला पहिल्यांदा कळलं, की तो दिवा कुहू शांत आहे असं सांगतच नव्हता. तो फक्त एवढंच सांगत होता, की कुहूला शांत ठेवलं जातंय. आत, खोल कुठंतरी, आजपर्यंत आलं नव्हतं एवढं मोठं काहीतरी तिच्या मुलीवर चालून येत होतं, आणि मणी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबत होता.

ती बेडरूमकडे धावली. टॅबलेटवर ससा नाचत होता. पलंगावर कुणी नव्हतं. पलंगाखाली, कपाटात, बाथरूममध्ये, बाल्कनीत. कठड्याला हात लावून तिनं खाली पाहिलं. खाली कुणी नव्हतं. जिन्यात नव्हतं.

"कुहू! कुहू!"

"काय गं, काय झालं?" सासूबाई उठल्या.

"कुहू नाहीये!"

"असेल गं, खाली बर्व्यांकडे गेली असेल."

"आमच्याकडे कुलूप आहे," बर्वे काकू म्हणाल्या.

मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या. टाकी बघा, लिफ्ट बघा, परवा सांगलीत एक मूल... दोघी-तिघी जिन्याकडे पळाल्या. फोनवर अजूनही 'घरात' होतं. पण घरात घर उरलं होतं किती? जिथं शिरायला वाट आहे, ते सगळं तिनं पाहिलं होतं. आणि जिथं वाटच नाही, तिथं कोण शोधणार?

सात. दिवा हिरवा.

का ओरडत नाहीस गं? तिच्या मनात आलं, आणि उत्तरही तिथंच होतं, तिच्या हातात. तिनं बाळी बंद करायची खूण शोधली. फोननं नम्रपणे विचारलं, 'बाळी बंद केल्यास मूल अस्वस्थ होऊ शकते. नक्की?'

"होऊ दे!" ती मोठ्यानं म्हणाली आणि बोट दाबलं.

बायका बोलतच होत्या. सासूबाई देवाचा धावा करत होत्या. एसी घरघरत होता. आणि आजवर सोसायटीत मान वर करून न बोललेली गौतमी हॉलच्या मध्यात उभी राहून किंचाळली,

"गप्प बसा! सगळ्या गप्प बसा! एसी बंद करा तो!"

कुणाच्या हातातली वाटी खाली पडली, गडगडत गेली आणि थांबली. एसी थांबला. एवढ्या बायकांनी भरलेल्या हॉलमध्ये फक्त बांगड्या किणकिणल्या, मग त्याही थांबल्या.

काहीच नाही.

काहीच नाही.

मग बर्वे काकूंचा चेहरा बदलला. त्या दिवाणावर तशाच बसून राहिल्या होत्या. आता त्यांनी दोन्ही तळवे चादरीवर टेकवले.

धप्.

अगदी दुबळा. उशीवर मूठ आपटावी तसा.

धप्. धप्.

"ही लाथ..." काकूंना दम लागला. "गौतमी, ही लाथ मी ओळखते. ही कुहूची लाथ आहे!"

मला कोपभवनात जायचंय. गौतमीला आठवलं, आणि आपली कंबर, आपला जोर, ते करकरणं, सगळं एकदम आठवलं. तिनं दिवाणाची कड धरली. कोण कोण धावलं ते तिला कळलं नाही. पैठण्या, जरीचे पदर, मेंदीचे हात, सगळे त्या कडेला चिकटले. काकू उठताच दिवाण एका हिसक्यात हॉलच्या मध्यात आला. गौरीची आरास कोसळली. गौतमी गुडघ्यांवर पडून दाराला भिडली.

आतून भपकन गरम हवा आली. रजयांच्या वर कुहू मुटकुळं करून पडली होती, ओली गच्च, ओठ निळसर. एका मुठीत हत्ती, एकीत सोंड. गौतमीनं तिला ओढून मांडीवर घेतलं. कुहूनं डोळे उघडले, तोंड उघडलं, एक लांबलचक श्वास आत घेतला. तो संपेचना.

आणि मग ती रडली.

अशी रडली, की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. गळा खरवडून, पाय झाडून, आईच्या पाठीवर मुठी मारत. ज्या आवाजाला गौतमी वर्षभर घाबरत आली होती, तो आवाज अंगावर सांडून घेत ती नुसती बसून राहिली. सासूबाई सवयीनं "गप, गप बाळा" म्हणायला पुढे आल्या, तर बर्वे काकूंनीच त्यांचा हात धरला.

"रडू द्या तिला," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना धार लागली होती. "मी वरती बसले होते हो. बसून नाव घेत होते मी!"

"तू दार लावलंस!" कुहू ओरडली.

"हो," गौतमी म्हणाली. "मी लावलं."

"मी हाक मारली!"

"मला ऐकू नाही आली, राणी."

"हळू मारली." कुहूला हुंदका आला. "जोरात येतच नव्हती!"

गौतमीनं तिच्या कानाची बाळी काढली आणि तिकडे न बघता बाजूला टाकली. ती कलिंगडाच्या कमळांत कुठं तरी पडली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, छाती तपासली, आणि दोन तास लक्ष ठेवून रात्री घरी सोडलं. डॉक्टर तेरदाळ फोनवर बराच वेळ बोलत होते. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, जीव घाबरतो, श्वास धावतो. बाळीला तो राग वाटला असणार, कंपनीला कळवतो, पुढच्या मॉडेलमध्ये...

"डॉक्टर," गौतमीनं मधेच विचारलं, "कुकरला शिट्टी कशासाठी असते?"

तिनं फोन ठेवला.

बाळीवाल्यांच्या वर्गाचं काय करायचं, केदारला काय सांगायचं, उद्या मीटिंगच्या ऐन वेळी पोळी दुमडली तर काय, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. दिवाण अजून हॉलच्या मध्यातच होता. सासूबाई आल्यापासून मुकाट्यानं आरास गोळा करत होत्या. कप्प्याचं दार त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं काढून गॅलरीत नेऊन ठेवलं होतं.

आंघोळीच्या वेळी कुहूच्या डोळ्यांत साबण गेला आणि पुन्हा किंकाळी फुटली. बादली लाथेनं कलंडली, मग्गा भिंतीवर गेला. फोन वाजला. अर्थात बर्वे काकू.

"काकू, सॉरी, आत्ता लगेच..."

"सॉरी काय? आवाज आला, म्हणून फोन केला. येतोय ना चांगला?" काकू नाक ओढत म्हणाल्या. "आमचे हे पण विचारत होते. येऊ दे हो. फक्त दुपारचं तेवढं बघ जमलं तर."

टॉवेलमध्ये गुंडाळलेली कुहू आईच्या मांडीवर आली. अजून हुंदके येत होते, पण आता त्यांच्या मधे मधे जागा पडत होती.

"केवढा राग आलाय?" गौतमीनं विचारलं. तिला उत्तराची भीती वाटत होती.

कुहूनं विचार केला. "ह्या बिल्डिंगएवढा. गच्चीसकट."

"बाप रे! बरं. बसू आपण."

त्या बसल्या. बिल्डिंगचा बुलडोझर व्हायला फार वेळ लागला. म्हशीपाशी आल्यावर तो पुन्हा हत्ती झाला, कारण सोंडेची आठवण आली. मांजर झालं तेव्हा बाहेर सगळीकडे निजानीज झाली होती आणि गौतमीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ती हलली नाही.

"आई, तू पण ओरडलीस ना? मला आत ऐकू आलं. तुला केवढा राग आला होता?"

"तो राग नव्हता गं. ती भीती होती."

"केवढी?"

गौतमीनं हॉलकडे पाहिलं. बुलडोझर, हत्ती, बिल्डिंग, सगळं मनात आलं आणि लहान वाटलं. मधोमध दार नसलेला दिवाण उभा होता.

"त्या दिवाणाएवढी," ती म्हणाली.

कुहूनं मान वळवून दिवाणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या टॉवेलमधल्या पायांकडे. जरा मोजमाप केलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी मावते तेवढी."